14 अक्षरं गळाली आणि तांदूळ पांढरा झाला

कोकणात सकाळी लाल तांदळाची पेज आणि दुपारी पांढऱ्या तांदळाचा भात हा एकाच घरातला प्रकार. या दोन तांदळांत रंगाचा फरक नेमका कुठून आला, हे 2006 साली उलगडलं. भाताच्या सातव्या गुणसूत्रावर आरसी नावाचं जनुक आहे. ते शाबूत असलं की दाण्याच्या कोंड्याच्या थरात लाल रंगद्रव्य तयार होतं. (रंग कोंड्याचाच. म्हणून लाल तांदूळ फार कांडला तर तोही पांढरा पडतो.) काही हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी शेतात एका रोपाच्या या जनुकातली 14 अक्षरं गळाली. जनुक निकामी झालं, रंगद्रव्य बनेना, दाणा पांढरा आला. लोकांना तो आवडला, त्यांनी तो जपला, पेरला, दुसऱ्या भातांशी त्याचा संकर झाला. आज जगातल्या पांढऱ्या तांदळाच्या बहुतेक सगळ्या जातींत नेमकी हीच 14 अक्षरं कमी आहेत.

पण हे जनुक फक्त रंगाचं काम करत नव्हतं. बियाण्याची सुप्तावस्थाही काही अंशी तेच सांभाळतं. जंगली भाताचा दाणा पिकल्या पिकल्या रुजला तर पुढच्या कोरड्या महिन्यांत मरून जाईल. म्हणून त्याला झोपून राहणं भाग असतं. शेतकऱ्याला मात्र पेरलेलं सगळं बियाणं एकदम उगवायला हवं, त्यामुळे कमी झोपणारं बियाणं त्याच्या सोयीचं. आणि त्याच कोकणातल्या शेतकऱ्याची कापणी परतीच्या पावसात अडकली की हीच सोय अंगाशी येते. लोंबी आडवी पडून भिजत राहिली की दाण्याला शेतातच कोंब फुटतो. सुप्तावस्था ठरवणारी इतरही जनुकं आहेत, त्यामुळे सगळा दोष एका आरसीच्या माथी मारता येत नाही.

जनुकातला बदल, म्हणजे म्युटेशन, चांगला की वाईट हे म्हणूनच नुसत्या बदलाकडे बघून सांगता येत नाही. तो जनुकात कुठे झाला, त्याच्या एक की दोन प्रती अंगात आहेत आणि तो जीव राहतो कुठे, या तीन गोष्टी माहीत असल्याशिवाय निकाल लागत नाही. आणि हे भातापुरतं नाही. कोकणातल्या माणसांच्या रक्तातही असे बदल आहेत, आणि त्यांतले काही लग्नाआधी माहीत असणं फार गरजेचं आहे.

अक्षरं वाचतात कशी

डीएनएची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका संचात अशी सुमारे 300 कोटी अक्षरं असतात आणि आपल्याकडे असे दोन संच असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. प्रथिनं बनवण्याची कृती सांगणारी जनुकं सुमारे 20,000. पेशी ही कृती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. एका गटामागे एक अमिनो आम्ल, आणि ही आम्लं क्रमाने जोडली गेली की प्रथिन तयार.

तीन-तीन अक्षरांचं एक वाक्य घ्या: मदन गवत उपट कमळ जपत बसव. यात ‘कमळ’मधला ळ जाऊन र आला तर ‘कमर’ होईल. एक शब्द बिघडला, बाकी वाक्य तसंच. आता अक्षर बदलू नका, ‘मदन’मधला न काढूनच टाका आणि पुन्हा तीन-तीन वाचा: मदग वतउ पटक मळज पतब सव. गळालं एकच अक्षर, पण तिथून पुढचं सगळं निरर्थक झालं. तांदळाच्या आरसीत हेच घडलं, कारण 14 ला तीनने भाग जात नाही. तीनच अक्षरं एकदम गळाली तर एक अख्खा शब्द जातो आणि पुढचं वाचन सरळ चालतं. तरी तेवढ्याने निभावतंच असं नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात सर्वांत जास्त आढळणारा बदल तीन अक्षरं गळण्याचाच आहे. त्याने एकच अमिनो आम्ल कमी होतं, पण ते नेमकं मोक्याचं असल्याने प्रथिनाची घडी बसत नाही आणि पेशी ते प्रथिन नष्ट करून टाकते.

हे बदल होतात कधी? पेशीचं विभाजन होताना सगळी अक्षरं नव्याने उतरवली जातात. उतरवणारी यंत्रणा फार काटेकोर असते, चुका तपासून दुरुस्तही करते, तरी साधारण शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक निसटतेच. शिवाय उन्हातली अतिनील किरणं, तंबाखूचा धूर, किरणोत्सर्ग यांनी अक्षरांना इजा होते. प्रत्येक मूल आईवडिलांत नसलेले 60 ते 70 नवे बदल घेऊनच जन्माला येतं. त्यांतले बहुतेक वडिलांकडून येतात, कारण शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात. वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षाला त्यात एक-दोन बदलांची भर पडते. यांतले बहुतेक बदल अशा जागी पडतात जिथे काहीच फरक पडत नाही.

ग्रहणात गरोदर बाईने विळी हातात घेतल्याने कुणाचं जनुक कापलं जात नाही, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, पण पुढे दिलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका.

मुलांकडे जातात ते फक्त बीजांडातले किंवा शुक्राणूतले बदल. उन्हाने कातडीत किंवा सिगारेटने फुप्फुसात झालेला बदल त्या माणसापुरता. त्यातून कर्करोग होऊ शकेल, पण तो बदल वारशाने मुलाला मिळत नाही. झाडांचं मात्र वेगळं. हापूसच्या एखाद्या फांदीच्या कोंबात बदल झाला आणि बागायतदाराने त्याच फांदीची काडी कलमाला वापरली, तर तो बदल त्या कलमाच्या प्रत्येक पानाफळात उतरतो. बिनबियांचं नेव्हल संत्रं जगाला असंच एका फांदीतून मिळालं.

मोडलेलं जनुक उपयोगी पडतं तेव्हा

तळ्याकाठी आपसूक उगवणारं जंगली भात पाहिलं असेल तर त्याची खोड माहीत असेल: दाणे पिकताच सांडतात. जंगलात हे हवंच, नाहीतर बी पसरणार कसं? माणसाने लागवडीला घेतलेल्या भातात एसएच-4 या जनुकातल्या एका जीच्या जागी टी आला, आणि दाणा लोंबीला धरून राहू लागला. अक्षर एकच, पण त्याच्याशिवाय झोडणी नाही आणि मळणीही नाही.

दुसरं उदाहरण बुटक्या भाताचं. 1966 साली आलेल्या आयआर-8 मध्ये आणि आपल्याकडे 1968 पासून रुळलेल्या ‘जया’मध्ये उंची वाढवणारं जनुक अर्धवट आहे, त्यातली 383 अक्षरं नाहीत. त्या जनुकातून बनणारं विकर (एन्झाइम) जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार करतं. ते कमी पडलं की रोप ठेंगणं राहतं. खत घातलं तरी काडी उंच वाढत नाही, भात लोळत नाही, ताकद दाण्यात जाते. पण पावसाळ्यात कंबरभर पाणी तुंबणाऱ्या सखल खाचरात हेच ठेंगणं रोप बुडतं, आणि गुरांना पेंढाही कमी मिळतो. तिथे जुन्या उंच जातीच बऱ्या.

खार जमिनीचं गणित आणखी निराळं. खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं की सोडियम मुळांवाटे रोपात चढतं आणि पानं टोकाकडून करपत जातात. भात मुळातच मीठ न सोसणारं पीक. रोपाच्या आत एक प्रथिन मुळांतून वर जाणाऱ्या रसातलं सोडियम पानांपर्यंत पोचण्याआधी काढून घेतं. बंगालच्या नोना बोकरा या जातीत या प्रथिनाची चार अमिनो आम्लं वेगळी आहेत आणि त्यामुळे ते जास्त सोडियम काढतं. हे 2005 मध्ये सिद्ध झालं. कोकणातल्या शेतकऱ्यांनी प्रयोगशाळेविना हेच केलं होतं: खाजणात जे रोप तगलं त्याचंच बी राखायचं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशाच स्थानिक वाणांतून काळा राता 1-24 आणि भुरा राता 4-10 निवडले. गोड्या खाचरात मात्र सुधारित जाती त्यांना मागे टाकतात.

ना रोग, ना फायदा: मुंबई रक्तगट

1952 साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अजब रक्तगट नोंदवला. ए, बी आणि ओ गटांच्या लाल पेशींवर एच नावाची एक शर्करारचना असते. तिच्यावर आणखी एक साखर जोडली की ए किंवा बी गट होतो, काहीच जोडलं नाही तर ओ. एच बसवणाऱ्या एफयूटी-1 या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर एचच नसतो, मग ए-बी जोडणार कशावर? भारतीयांत हे बहुतेक वेळा एका अक्षराच्या बदलाने होतं. भारतात साधारण 10,000 माणसांत एक असा असतो, महाराष्ट्र आणि कर्नाटकात जास्त. युरोपात दहा लाखांत एखादा.

या माणसाला आयुष्यभर काहीही त्रास नसतो. त्रास सुरू होतो तो रक्त चढवायची वेळ आली की. साध्या तपासणीत त्याचा गट ‘ओ’ दिसतो. पण त्याच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात आणि ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो. म्हणजे सर्वांना चालणारं ओ निगेटिव्हही याच्यासाठी विषासारखं. तो स्वतः मात्र गट जुळला तर इतरांना रक्त देऊ शकतो.

रक्तपेढीत हे पकडायची रीत अशी. नुसत्या पेशींचा गट काढून थांबायचं नाही, रक्तद्रवाचा उलट गटही काढायचा, आणि त्यात ए व बी पेशींबरोबर ओ पेशीही वापरायच्या. ओ पेशींच्या गुठळ्या झाल्या तर संशय घ्यायचा आणि अँटी-एच लेक्टिन या एचला चिकटणाऱ्या प्रथिनाने खात्री करायची. तुमच्या घरात कुणाचा गट ओ आहे आणि ओच्या एकामागून एक पिशव्या क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रक्त जुळवून पाहण्याच्या चाचणीत, जुळत नाहीत, असं कधी झालं तर डॉक्टरांना हा रक्तगट तपासायला स्पष्ट सांगा. सापडला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा. प्रत्येक भावंडाचा गट मुंबई असण्याची शक्यता चारात एक असते, आणि वेळेला तेच दाते.

यातून एक घरगुती वादळही उठू शकतं. ‘ओ’ लिहिलेल्या आईचं मूल एबी गटाचं निघालं तर शाळेत शिकलेल्या नियमाने ते अशक्य, आणि बोट लगेच बाईकडे वळतं. मुंबई गटाच्या आईकडे बीचं जनुक असू शकतं, फक्त एच नसल्याने ते दिसत नाही. वडिलांकडून चांगला एफयूटी-1 मिळाला की मुलात ते उघड होतं. संशय घेण्याआधी रक्त नीट तपासून घ्यावं.

एकच अक्षर, दोन निकाल

आता सर्वांत गाजलेला बदल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात एका ठिकाणी जीएजीच्या जागी जीटीजी झालं की सहावं अमिनो आम्ल ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारं, व्हॅलिन पाणी टाळणारं. प्राणवायू सोडला की अशी हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दांडे होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत असह्य वेदना उठतात. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. हा सिकलसेल आजार. 1910 मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी अशा पेशींचं वर्णन केलं, 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचं दाखवलं, आणि 1956 मध्ये इन्ग्रॅम यांनी तो एका तुकड्यापर्यंत नेऊन भिडवला.

एवढा घातक बदल टिकला कसा? याचं उत्तर 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दिलं: मलेरिया. ज्याच्याकडे बदललेली एकच प्रत आहे त्याला वाहक म्हणतात. त्याच्या पेशींत 25 ते 40 टक्के हिमोग्लोबिन बदललेलं असतं, पण रोजच्या जगण्यात तो निरोगी असतो. फाल्सिपेरम मलेरियाचा जंतू अशा पेशीत शिरला की तिथे त्याची वाढ नीट होत नाही, पेशी वाकते आणि प्लीहा तिला गाळून टाकते. वाहकाला मलेरिया होतच नाही असं नाही, पण जीवघेणा मलेरिया होण्याचा धोका सुमारे 90 टक्क्यांनी कमी होतो. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाने लहान मुलं दगावली, तिथे वाहक मुलं जास्त जगली. पालघर आणि ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आढळतो त्यामागेही हाच इतिहास आहे. त्यात रक्तदोष, कुळाचा शाप असलं काही नाही.

एका गोष्टीत मात्र गल्लत होते. संरक्षण एकाच प्रतीला आहे. दोन्ही प्रती बदललेल्या असलेल्या रुग्णाला मलेरिया झाला तर तो इतरांपेक्षा जास्त धोक्यात असतो. त्याने मच्छरदाणीत हयगय करायची नाही, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं.

पाड्यावर पाचात एक जण वाहक आहे असं धरा. दोन वाहकांचं लग्न होण्याची शक्यता पंचविसात एक. त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे शंभर जन्मांत एक आजारी मूल, आणि वाहक मुलं अठराच्या आसपास. मलेरिया आटोक्यात आला की त्या अठरांचा फायदा संपतो आणि शंभरातल्या एकाचं दुःख तेवढं उरतं.

लग्नाआधीचा कागद

चारात एक म्हणजे चार मुलांत एक, असं अनेक जण समजतात. पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तिन्ही ठीक, हा हिशोब साफ चूक. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने तेवढीच असते: चारात एक आजारी, दोन वाहक, एक पूर्ण निरोगी.

कोकणात सिकलसेलइतकंच लक्ष बीटा थॅलेसेमियाकडे द्यायला हवं. भारतात 3 ते 4 टक्के लोक त्याचे वाहक आहेत. जनुक तेच, बदल वेगळे. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा बदल तर प्रथिनाच्या कृतीत नाहीच, जनुकातला निरुपयोगी भाग जिथे कापून वगळायचा त्या खुणेजवळ आहे. जीच्या जागी सी येतो, कापणी चुकीच्या जागी होते आणि बीटा साखळी पुरेशी बनत नाही. दोन्ही प्रती अशा असलेल्या मुलाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत रक्त कमी पडू लागतं आणि मग दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. प्रत्येक पिशवीबरोबर 200 मिलिग्रॅमहून जास्त लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायला शरीराकडे वाट नाही. ते हृदयात आणि यकृतात साचू नये म्हणून लोह काढणारी औषधं रोज, कायमची.

वाहक ओळखायला आधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, बघा. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) 80 च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) 27 च्या खाली, पण लाल पेशींची संख्या भरपूर, बरेचदा 50 लाखांवर, असं दिसलं तर शंका घ्या. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागायचं. 65 भागिले 5.6 म्हणजे 11.6, 13 च्या खाली आलं की थॅलेसेमियाकडे कल. 65 भागिले 4 म्हणजे 16 च्या वर; तिथे लोहाची कमतरता जास्त संभवते. हा केवळ अंदाज आहे. निर्णय एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा. त्यात हिमोग्लोबिन ए-2 साडेतीन टक्क्यांच्या वर असलं तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक.

या तपासणीत चूक होते ती बहुधा ठरलेल्या ठिकाणी. अंगात लोह फार कमी असेल तर ए-2 खोटंच खाली येतं. रिपोर्टात 3.3 किंवा 3.4 दिसलं तर लोह भरून काढून पुन्हा करा किंवा डीएनए तपासणी करा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रिपोर्ट दात्याच्या रक्ताचाही असतो, तो धरू नये. थॅलेसेमियाचा वाहक आहे का, हे एक वर्षाच्या आतल्या बाळात एचपीएलसीने कळत नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं. आणि शिबिरात होणारी विद्राव्यता चाचणी फक्त सिकल ओळखते. मुलगा सिकलचा वाहक आणि मुलगी थॅलेसेमियाची, अशा जोडीला ‘तिची सिकल निगेटिव्ह’ म्हणून बिनधास्त सोडलं तर त्यांच्याही चारात एका मुलाला आजार होतो, सिकल-थॅलेसेमिया. त्यामुळे एक जण कशाचाही वाहक निघाला की दुसऱ्याची एचपीएलसी व्हायलाच हवी.

वाहकाला औषध लागत नाही. ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाणारे वाहक भरपूर भेटतात. लोह तपासून खरंच कमी असेल तरच गोळ्या घ्याव्यात.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आणि तपासलेल्यांना कार्डं दिली जातात. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात, याद्या होतात, पत्रिका बघतात. त्याच बैठकीत ही कार्डं किंवा एचपीएलसीचे कागद शेजारी-शेजारी ठेवायला दहा मिनिटं पुरतात. दोघंही वाहक निघाले तर लग्न मोडायलाच हवं असं नाही, पण पुढचं वेळापत्रक माहीत हवं.

ते असं. दिवस राहिल्यावर पहिल्या नोंदणीलाच, म्हणजे सहा-आठ आठवड्यांत, बाईची तपासणी. ती वाहक निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात. तो मुंबईत, आखातात किंवा जहाजावर असेल तर तिथल्या प्रयोगशाळेत करून रिपोर्ट मागवता येतो. नमुना पाठवायचा झाला तर जांभळ्या झाकणाच्या नळीत 2-3 मिलिलिटर रक्त, थंड डब्यात, पण गोठवायचं नाही. दोघांच्या डीएनएतला नेमका बदल आधी सापडायला हवा, नाहीतर गर्भाच्या नमुन्यात शोधायचं काय? 11 ते 13 आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाची तपासणी होते. ती वेळ हुकली तर 16 आठवड्यांच्या सुमारास गर्भजलाची. अशी तपासणी कायद्याने चालते, मात्र त्यात लिंग सांगायला सक्त बंदी आहे. परळला केईएमच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था या कामातली जुनी, जाणती जागा आहे. लोक उशिरा येतात ते बहुतेक वेळा नवऱ्याच्या तपासणीत वेळ गेल्यामुळे.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अजून होतं. सख्ख्या आते-मामे भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा सारखा असतो, त्यामुळे एकच लपलेला बदल दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. सर्वसाधारण जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मजात आजाराची शक्यता 2 ते 3 टक्के. नात्यातल्या लग्नात त्यात आणखी साधारण तेवढीच भर पडते. याचा अर्थ नव्वदहून अधिक टक्के मुलं ठणठणीत असतात. पण घराण्यात एखादा आजारी असेल तर हे आकडे लागू राहत नाहीत, धोका खूप वाढतो.

बहुतेक करून मुलग्यांत दिसणारे

काही बदल एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे दोन एक्स, एक बिघडला तरी दुसरा सांभाळतो. पुरुषाकडे एकच. हिमोफिलिया हा त्यांतला ठळक: साधारण 5,000 मुलग्यांत एकाला, रक्त गोठवणारा आठवा घटक कमी. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला शक्यता अर्धी. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणीच आजारी नसतं, बदल नवाच झालेला असतो. तेव्हा ‘आमच्यात असलं नाही’ म्हणून गुडघ्याच्या सुजेकडे दुर्लक्ष करू नये. अशा मुलाला स्नायूत इंजेक्शन आणि अ‍ॅस्पिरिन टाळतात.

कोकणाच्या रोजच्या व्यवहारात जास्त उपयोगी पडेल ती जी-6-पीडीची माहिती. याचंही जनुक एक्सवरच आहे. हे विकर लाल पेशीला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवतं. ते कमी असणं हीही मलेरियाच्या प्रदेशात टिकलेली गोष्ट, आणि गंमत अशी की मलेरियाच्याच एका औषधाने ती उघडी पडते. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात. त्यांना मारायला 14 दिवस प्रायमाक्वीन देतात. विकर कमी असलेल्याने ते घेतलं की दोन-तीन दिवसांत लाल पेशी फुटू लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. असं झालं की गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. म्हणून गोळी सुरू करण्याआधी जी-6-पीडी तपासणी. कमतरता ठरली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असा वेगळा क्रम असतो. आणि पेशी फुटण्याच्या झटक्यानंतर लगेच तपासणी केली तर ती खोटी चांगली येते, कारण म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत विकर जास्त असतं. तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

बाळंतपणासाठी पेटीतून काढलेली जुनी दुपटी, गोधड्या डांबरगोळ्यांत ठेवलेल्या असतात. नॅफ्थॅलीनच्या या वासानेसुद्धा जी-6-पीडी कमी असलेल्या तान्ह्याच्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ चढते, कधी मेंदूला इजा होण्याइतकी. धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय ती कापडं बाळाला गुंडाळू नयेत, आणि बाळाच्या खोलीत डांबरगोळी नकोच.

दुसऱ्या बदलाने पहिल्यावर उपाय

गर्भात बीटाऐवजी गॅमा साखळीचं हिमोग्लोबिन असतं आणि जन्मानंतर ते बंद होतं. काही माणसांत एका बदलामुळे ते बंदच होत नाही, आणि त्यांना काही त्रासही नसतो. असा माणूस सिकलचाही रुग्ण असेल तर त्याचा आजार सौम्य राहतो, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन सिकलचे दांडे जमू देत नाही. हेच पाहून गॅमाला दाबणारं जनुक रक्तपेशींत मुद्दाम मोडायचा उपचार तयार झाला. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे 22 लाख डॉलर आहे.

सख्ख्या भावंडाचा अस्थिमज्जा जुळला तर प्रत्यारोपणाने हे आजार बरे होतात. प्रत्येक भावंड जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. ते शक्य नसेल तर सिकलच्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया रोज तोंडाने देतात. तेही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि वेदनेचे झटके कमी करतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातात का ते बघायला सुरुवातीला दर काही आठवड्यांनी सीबीसी करावा लागतो. गरोदरपणात ते चालत नाही, आणि मूल हवं असेल तर नवरा असो की बायको, दोघांपैकी जो हे औषध घेत असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारून ते थांबवायचं असतं.